विषय क्रमांक चार

फॉर्मवर पाचच चौकटी.
वर छापलंय : गावाच्या गरजा, प्राधान्यक्रमाने.
खाली, बारीक अक्षरात : शुक्रवारपर्यंत अपलोड करावे.

सभा केळी-गटाच्या शेडमध्ये,
कारण तिथे पंखा आहे, आणि या आठवड्यात लाइट दिवसाची.
पत्र्याखाली केळीच्या चिकाचा वास.
उपड्या क्रेटवर माणसं.
इतिवृत्त मी लिहिते. नोकरीचं तिसरं वर्ष;
सुकी नदीच्या या काठावर मला मॅडम म्हणतात,
आणि चहा बिनसाखरेचा, हे न विसरता देतात.

सुपडू फेगडे उठले.
"हवेचं यंत्र तेवढं हलवा.
चौदा किलोमीटरवर, सोसायटीच्या गच्चीवर,
टाकीच्या आडोशाले बसवलंय.
त्याले थंडीच नै वाजत.
इथं घड पोंग्यातच अडकले,
तिथं नोंद : नऊ पूर्णांक चार.
विम्याले आठच्या खाली पाह्यजे."
पिशवीतून वही काढली. शाळेची, दुरेघी.
जानेवारीच्या एकवीस पहाटा, पेन्सिलीने.
बाभळीला टांगलेला थर्मामीटर
बॅटरीच्या उजेडात वाचलेला :
सात. साडेसहा. सात. सहा.
एका तारखेपुढे आकडा नाही,
'आई वारली' एवढंच.
दुसऱ्या दिवशी पुन्हा : सात.

मी पहिल्या चौकटीवर पेन टेकवलं.

"बाग मोजता," मागून रुबाब तडवी,
घड वाहून डाव्या बाजूला कललेला,
"बाग गारठली त तिचा पंचनामा होतो.
आमची हजेरी गारठते, तिचा?"
कुणी हसलं. मग कुणीच हसलं नाही.
सुपडूभाऊंनी वही मिटली,
पुन्हा उघडली, जणू त्यात तेही कुठे लिहिलेलं असेल.

मग रात्रीच्या लाइटीचा विषय निघाला
आणि सगळे एकदम बोलू लागले.
(इतिवृत्तात : 'सविस्तर चर्चा झाली.')
बारा वाजता मोटार चालू करायला जाणाऱ्या
द्वारकाबाई भारंबेंना पाटाजवळ दोन डोळे दिसले होते.
"बिबट्या होता का कुत्रं, काय माहीत.
मी त्याले म्हटलं, तू बी रात्रपाळीले का रे?"

सरपंच घड्याळ बघत होते.
"हे सगळं बरोबर आहे हो. पण लेखाशीर्ष?
पेव्हर ब्लॉकला आहे. हायमास्टला आहे.
ज्याला लेखाशीर्ष आहे, ती गरज."
वाईट माणूस नाही.
त्यांचीही बाग त्याच थंडीत उभी होती.

दाराशी निलोफर, रुबाबची, अकरावी सायन्स.
कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली,
"रावेरहून शेवटची गाडी चारची.
प्रॅक्टिकल साडेचारला सुटतं."
एवढंच.
खाली बसली नाही, गेलीही नाही.

रात्री कार्यालयात पोर्टल उघडलं.
यादी आपोआप खाली पडते :
पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, व्यायामशाळा साहित्य,
स्वागत कमान, इतर.
'इतर'वर बोट ठेवलं.
एक खिडकी उघडली, पन्नास अक्षरांची.

कुणाचं काय कापू?
द्वारकाबाईंचं वाक्य पुरं बसेना.
रुबाबचा खांदा बसेना.
साडेचार बसतात, पण चारशिवाय त्यांना अर्थ नाही.
लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं :
इथली थंडी इथेच मोजा.

कुठल्या खात्याला कळेल, ठाऊक नाही.
खाली लाल अक्षरांत : पुरावा जोडा, दोन एमबीच्या आत.
सुपडूभाऊंची वही टेबलावरच राहिलेली.
की ठेवून गेलेले.
पान पान स्कॅन केलं, रिझोल्यूशन कमी करत,
पेन्सिल दिसेल न दिसेल इतकं.
आकडा नसलेलं पान आलं तेव्हा
थोडी थांबले.
जागा वाचली असती.

तेही काचेवर ठेवलं,
कोपरा दुमडलेला, तसाच.